पानांचे उपयोग

“आता हे बघू या. तुमच्याकडे हे कशासाठी वापरतात?” टेबलावरचं पहिलं पान उचलून बाईंनी मिस्त्रीच्या हातात ठेवलं आणि खडू घेऊन त्या फळ्याकडे वळल्या.

पान रुंद होतं, कडेला करवतीसारखे दाते. मिस्त्रीने ते उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं. लिफ्टचं काय ते त्याला विचारा. गिअर घासतोय की ब्रेक धरतोय, हे तो नुसत्या आवाजावरून सांगायचा. पानाला आवाज नव्हता. समोर सगळा सहावीचा वर्ग माना वर करून बसला होता आणि खिडकीजवळच्या बाकावर त्याची लेक.

हे सगळं तिनेच घडवून आणलं होतं. वर्गात जंगलात राहणाऱ्या लोकांचा धडा चालला होता. ते लोक कोणत्या झाडाचं औषध करतात, कशाचा रंग काढतात, कशाचा दोर वळतात. धडा संपता संपता तिने हात वर केला. “बाई, माझे बाबा त्यांच्यातलेच आहेत.” त्या दिवसापासून तिचा भाव वधारला. मधल्या सुट्टीत एकटीच बसणारी पोर आता मैत्रिणींच्या घोळक्यात डबा खाऊ लागली.

वर्गात येऊन झाडांचे उपयोग सांगा, असा बाईंचा निरोप आला तेव्हा मिस्त्री नाहीच म्हणणार होता. पण लेकीचा फुललेला चेहरा बघून तो ‘येतो’ म्हणून बसला.

“अहो, पालक आणायला सांगितला तर मुळ्याचा पाला घेऊन येता तुम्ही,” बायको म्हणाली. “आणि पोरांना झाडं शिकवणार?”

“वेळ मारून नेईन,” तो म्हणाला होता.

“पोटदुखीवर,” तो आता म्हणाला. “चावून खायचं.”

खडू फळ्यावर करकरला. दुसरं पान त्याने तापावर ठोकून दिलं. तिसरं जखमेवर. एका मुळाचा लाल रंग निघतो म्हणून सांगितलं. एक साल त्याने खोकल्यावर सांगितली, तेव्हा बाई जरा थबकल्या.

“पुस्तकात याचा दोर वळतात असं दिलंय,” त्या म्हणाल्या. मग त्यांनीच मान हलवली. “पण तुम्ही सांगता तेच खरं.” आणि पुस्तकाप्रमाणे आधीच लिहिलेला ‘दोर’ पुसून त्यांनी ‘खोकला’ लिहिलं.

मिस्त्रीची जीभ सैल झाली. आमचे म्हातारे पान असं चुरगाळायचे, असं हुंगायचे, असं तो हातवारे करून सांगू लागला. पोरं भराभर लिहून घेत होती. लेक सारखी वळून मागच्या बाकांकडे बघत होती. बघा, कसे आहेत माझे बाबा!

“माझं पोट सकाळपासून दुखतंय,” पुढच्या बाकावरची चष्मेवाली मुलगी म्हणाली. तिने हात लांब केला, ते दातेरी पान उचललं आणि सरळ तोंडात घातलं.

“थुंक!” मिस्त्रीने झेप घेऊन तिची हनुवटी धरली. “आधी थुंक ते!”

मुलीने घाबरून पान त्याच्या तळहातावर थुंकलं.

“अहो, विषारी काही आणलेलं नाही मी,” बाई म्हणाल्या. “आणि पोटदुखीवरचंच आहे ना ते?”

हो म्हटलं असतं तर तिथल्या तिथे सुटला असता. तो हातातल्या चोथ्याकडे बघत राहिला.

“माहीत नाही,” तो म्हणाला. “मला यातलं एकही झाड ओळखू येत नाही. मघापासून तोंडाला येईल ते सांगतोय मी.”

मग मागच्या बाकांवर खसखस पिकली. “म्हणजे हे खरे जंगलातले नाहीतच!” कुणीतरी म्हणालं.

लेक उभी राहिली. तिचे कान लालबुंद झाले होते. “बाबा, तुम्ही तिथलेच ना? मग एकसुद्धा झाड कसं येत नाही तुम्हाला?”

मिस्त्रीने हात रुमालाला पुसला. टेबलावरून त्याची नजर फिरत शेवटच्या टोकाला गेली. तिथे पाला काढलेली एक हिरवी, लवचीक काठी ठेवली होती. त्याने ती उचलली.

“हे येतं,” तो म्हणाला. “हा वेत.”

“अगदी बरोबर!” बाईंच्या जिवात जीव आला. “याच्या टोपल्या विणतात.”

“विणत असतील. मी हा शाळेत बघितला.” तो बाईंकडे नाही, लेकीकडे बघत होता. “माझे दुधाचे दातसुद्धा पडले नव्हते, तेव्हा मला घरून उचलून वसतिगृहाच्या शाळेत नेलं. तुझ्या आजीला कुणी विचारलं नाही. तिथे घरची भाषा बोलायला बंदी होती. घरचा एक शब्द तोंडातून निघाला की हा हातावर बसायचा. हळूहळू शब्द निघेनासे झाले. मोठा झाल्यावर परत सोडलं, तेव्हा तुझी आजी काय बोलते तेच मला कळेना.”

आता कुणी हसत नव्हतं. लेक बाकातून बाहेर आली आणि त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली.

“तिने मला झाडं दाखवली गं,” मिस्त्री म्हणाला. “दारातली, वाटेवरची, सगळी. एकेकाला हात लावून नाव सांगायची, कशाला लागतं ते सांगायची. पण सांगायची सगळं त्याच भाषेत.”