मुठीवरचे घाव

जुन्या शस्त्रांच्या जाणकाराने तिच्या वडिलांचं रिव्हॉल्व्हर तिच्यापुढे सरकवलं आणि नकारार्थी मान हलवली. "बाई, नळी अस्सल आहे, पण लाकडी मूठ मागाहून बसवलेली. अस्सलपणाचा दाखला मिळणार नाही." तिने मुठीवरून बोट फिरवलं. गुळगुळीत, साधा ओरखडाही नाही! तपासायला दिलं तेव्हा ही मूठ नव्हतीच. तेवढ्यात तिची नजर त्याच्या काचेच्या कपाटाकडे गेली. तिथे त्याचं स्वतःचं रिव्हॉल्व्हर विक्रीला ठेवलेलं होतं. मुठीवर दोन बारीक खड्डे, खाली ऐटबाज पाटी: 'शत्रूच्या संगिनीचे घाव'. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "घाव? अहो, तो शत्रू मीच!" ती कडाडली. "बाबा मला मांडीवर घेऊन रिव्हॉल्व्हर पुसायचे आणि मी मूठ चावायचे. मुकाट्याने कपाट उघडा आणि माझी मूठ काढा! तेव्हा मला दोनच दात होते, आता सगळे आहेत."