तिसरं कलम

"यात तिसरं कलम नाही," डॉक्टर सोमाजी नाकाडे म्हणाले आणि आदेशाचा कागद त्यांनी परत सरकवला.

डेप्युटी सुपरिंटेंडेंट देवस्थळींनी चष्मा पुसला. "पोलीस पार्टीबरोबर असेपर्यंत तुम्ही सरकारी नोकर. जखमी दगावला तर उपचारांबद्दल तुमच्यावर खटला नाही. अजून काय पाहिजे?"

"मी दगावलो तर?"

"तुम्ही मागे असाल, डॉक्टर. गोळीच्या टप्प्याबाहेर."

"तसं लिहू नका. 'पार्टीबरोबर' एवढंच लिहा. आणि बायकोला पोलिसाच्या विधवेइतकी पेन्शन."

देवस्थळी हसले नाहीत, पण हसू आवरताना दिसले.

नाकाड्यांचा आरमोरीचा दवाखाना जनपद सभेचा, म्हणजे तालुक्याच्या स्थानिक मंडळाचा होता. तिथल्या डॉक्टरला सरकारी पेन्शन नव्हती. आदल्या वर्षी शेजारच्या तालुक्यातला एक डॉक्टर नुसत्या तोंडी सांगण्यावरून पोलिसांबरोबर जंगलात गेला. एक शिपाई त्याच्या हातात वारला. शिपायाच्या बापानं फिर्याद केली, तेव्हा तुम्हाला जायला कोणी सांगितलं होतं, असं त्याच्याच वरिष्ठांनी विचारलं. आठ महिन्यांनी तो सुटला, पण गाव सोडून गेला. तेव्हापासून एकही डॉक्टर पोलिसांबरोबर जायला तयार नव्हता. नाकाडे आपण होऊन तयार झाले होते. अडलं होतं ते कागदावर.

"विमा का नाही काढत?" देवस्थळींनी विचारलं.

"अर्ज केला होता. नाही मिळाला."

"जंगलात हिंडणाऱ्याला कोण देणार म्हणा."

"तिसरं कलम तेवढं लिहा," डॉक्टर म्हणाले.

आठवड्यानं जिल्ह्याच्या ठिकाणाहून, चांद्याहून, शिक्क्याचा आदेश आला. तिन्ही कलमं होती. डॉक्टरांनी तो दोनदा वाचला आणि घरी लोखंडी पेटीत ठेवला. डॉक्टरांनी आधी पेन्शन लिहून घेतल्याची गोष्ट पोलीस लाइनीत पसरली. वारलू नावाचा शिपाई तर डॉक्टरांसमोरच म्हणाला, "डाक्टर साहेब, इतकं भेव वाटते त येता काऊन?"

"काम आहे बाबू," डॉक्टर म्हणाले.

दरोडेखोरांची एक टोळी बाजाराहून परतणाऱ्या व्यापाऱ्यांना लुटत होती. दोघांचा जीवही घेतला होता. धानोऱ्यापलीकडच्या डोंगरात ती असल्याची खबर लागली आणि चैत्र लागता लागता पार्टी निघाली. दोन दिवस पायपीट झाली. डॉक्टर वारंवार बसत. शिपाई भाकरी खात, ते थोडी पेज पीत. वय झालं, असं सगळ्यांनी धरलं. ते पंचेचाळीसचे होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी नाल्यावर गोळीबार सुरू झाला. पार्टी काठाच्या झाडांमागे होती, टोळी समोरच्या टेकडीवर. वारलू घाईनं नाला ओलांडायला गेला आणि मधोमध रेतीत पडला. मांडीतून रक्त उसळत होतं. दोघं शिपाई त्याला आणायला उठले, पण गोळ्यांपुढे मागं फिरले.

डॉक्टर सगळ्यांच्या मागे, एका मोहाच्या झाडाखाली होते. ते उठले. औषधांची पेटी उचलली आणि चालत निघाले.

"खाली झोपा!" देवस्थळी ओरडले. "डॉक्टर, सरपटत जा!"

डॉक्टर चालतच राहिले. त्यांच्या पायांपाशी रेती उडत होती. ते वारलूजवळ पोचले, टेकडीकडे पाठ करून गुडघ्यांवर बसले आणि त्याची मांडी करकचून बांधली. रक्त थांबलं. मग त्यांनी वारलूला दगडाच्या आडोशाला सरकवलं. त्या दगडामागे दोघं मावले असते. डॉक्टर मात्र बाहेरच, ताठ बसून राहिले.

"आत या ना, साहेब," वारलू कण्हत म्हणाला.

"तू पडून राह्य."

अर्ध्या तासानं टेकडी शांत झाली. टोळीतले दोघं पकडले गेले, बाकीचे पळाले. डॉक्टरांना खरचटलंसुद्धा नव्हतं. वारलूला खाटेवर घालून आणलं. तो जगला.

त्यानंतर डॉक्टरांना भित्रा कोणी म्हटलं नाही. पंधरा दिवसांनी देवस्थळी चांद्याच्या साहेबांचं शाबासकीचं पत्र घेऊन स्वतः घरी आले. डॉक्टरांची बायको मनकर्णा हिनं चहा दिला आणि दाराशी उभी राहिली.

"उरलेल्यांना धरायला पुढच्या महिन्यात निघणार ना?" डॉक्टरांनी विचारलं. "मी येतो."

"आता नाही. पोलीस खात्याचा स्वतःचा डॉक्टर नागपूरहून येतोय. तुमचा आदेश कालपासून रद्द झाला." देवस्थळींनी दाराकडे पाहिलं. "वहिनी परवा लाइनीत आल्या होत्या. तुम्हाला पुन्हा नेणार नाही, असा मी त्यांना शब्द दिला."

"लय उपकार झाले, भाऊ," मनकर्णा म्हणाली आणि पदरानं डोळे पुसत आत गेली.

"एकदाच येऊ द्या."

"डॉक्टर, तुम्ही तुमचं काम केलंत. आता सुखानं राहा."

दुपारी डॉक्टर दवाखान्यात गेले. डोमा कंपाउंडर बाटल्या धूत होता. बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती.

"बरं झालं साहेब. जिवावरचं टळलं."

डॉक्टर स्टुलावर बसले.

"डोमा, माघात मी नागपूरले गेलो होतो ना, विम्याच्या तपासणीले?"

"हो."

"पोटात गाठ सापडली. फार तर पोळ्यापर्यंत जगाल, म्हणाले तिथले डॉक्टर." त्यांनी ओली बाटली त्याच्या हातातून घेतली आणि फडताळात ठेवली. "नाल्यात गोळी लागली असती त मनकर्णेचं भागलं असतं."