ब्लॅकआउटचा तास

"लाइट! लाइट दिसतोय!" मागून कुणीतरी ओरडलं आणि इतिहासाच्या बाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. आनंदाचा.

नववीच्या वर्गात डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा काळोख होता. खिडक्यांना काळे कागद बाईंनी स्वतः डकवले होते, शिपायाला सांगून मेन स्विच बंद करवला होता, दाराच्या फटीत सतरंजी कोंबून आतून कडी घातली होती. युद्धाच्या काळात घरी राहिलेल्या माणसांचं काय झालं, हे पुस्तकाने एका परिच्छेदात उरकलं होतं. पोरं तो घोकायची आणि पेपरात ओकायची. यंदा बाईंनी ठरवलं, पोरांना त्या काळातल्या एका गल्लीत नेऊनच सोडायचं. मुख्याध्यापक म्हणाले होते, "नाटकबिटक ठीक आहे हो बाई, पण पोर्शनचं काय?" त्यांना काय कळतंय, असं बाई मनात म्हणाल्या होत्या.

बाकं म्हणजे घरं. काही मुलं पहारेकरी, त्यांच्या हातात लाकडी पट्ट्या. बाकीचे शेजारीपाजारी. नियम एकच, आणि तो बाईंनी सगळ्यांकडून मोठ्याने म्हणून घेतला होता: एका घरात उजेड दिसला, तर सगळी गल्ली मरते. हवाई हल्ल्याचा भोंगा चढला की बाकं बडवायची. ते बॉम्ब.

भोंगा टेबलावरच्या बॅटरीच्या स्पीकरमधून कोकलत होता. बाकं दणाणत होती.

"बंद कर! सगळ्यांना मारतेस का?"

"कुणाचं घर आहे ते?"

"चष्मिसचं!"

चष्मिस म्हणजे खिडकीजवळची ती मुलगी, जी वर्गात चकार शब्द काढत नसे. आज तीसुद्धा खेळात उतरली म्हणून बाईंना भरूनच आलं. धावपळ झाली, एक बाक उलटं पडलं. मग धप्प. पुन्हा धप्प. लाकडावर हात आपटल्याचा आवाज असा मऊ येत नाही, पण बाई अशा काही रंगात आल्या होत्या की त्यांनी भोंगा आणखी मोठा केला.

"आई! आई गं, मेले!"

वा, बाईंना वाटलं. काय जमलंय! मुख्याध्यापकांना आत बसवायला हवं होतं.

"सोडा मला! बाई! ओ बाई!"

बाईंचा हात स्पीकरवर गोठला. त्या गल्लीत आया होत्या, शेजारणी होत्या, पण 'बाई' म्हणून हाक मारावी अशी कुणीच नव्हती. त्यांनी भोंगा बंद केला. धपधप चालूच राहिली.

"थांबा! अरे, थांबा! संपलं!" त्यांनी भिंत चाचपडून दिव्याचं बटण दाबलं. खट्, खट्. मेन स्विच त्यांनीच बंद करवलेला. मग त्या काळोखात खिडकीकडे धावल्या. नडगी बाकावर आपटली, कुणाचं तरी कोपर दातांवर बसलं, तोंडात रक्ताची चव आली. हाताला लागला तो कागद त्यांनी टराटरा फाडला.

दुपारचं ऊन वर्गात घुसलं.

चष्मिस दोन बाकांच्या मधे पडली होती. तिची वेणी जिच्या मुठीत होती, ती तिची रोजची मैत्रीण होती. दोघी एकाच डब्यात जेवायच्या. एका पहारेकऱ्याचा बूट चष्मिसच्या बोटांवर होता. पट्टीचे दोन तुकडे झालेले, आणि त्यातल्या टोकदार तुकड्याने तिच्या कानाची पाळी फाटून लोंबत होती. रक्त मानेवरून फरशीवर उतरलं होतं. आणि इंजेक्शनची सुई बघून रडणारा तो मऊ मुलगा अजून तिच्या पोटात लाथा घालत होता. एक, मग जरा दम खाऊन आणखी एक.

बाईंनी त्याला कॉलर धरून मागे खेचलं. तो वळला आणि त्याने पट्टी उगारली. बाईंनी त्याच्या थोबाडीत ठेवून दिली. मग दुसरी, मग आणखी. त्याचा ओठ फुटला तरी त्यांचा हात थांबेना. त्यांना त्या वेळी तो मुलगा नकोसा झाला होता, सगळा वर्गच नकोसा झाला होता.

"बाई, मी नाही, ती!" तो रडत म्हणाला. "उजेड तिने केला!"

बाई गुडघ्यांवर बसल्या. चष्मिसच्या मनगटावरच्या घड्याळाचा दिवा चालू होता. मुगाच्या दाण्याएवढा. फुटलेला चष्मा पुढ्यातच पडला होता, अंधारात तो शोधायला तिने तेवढाच उजेड केला होता. तिचा एक डोळा लालभडक झाला होता. श्वास घेताना घशात घुर्रघुर्र होत होतं.

"डॉक्टर!" बाई म्हणाल्या. "शिपायाला हाक मारा कुणीतरी. पळा!"

कुणी पळालं नाही. सगळे बाईंकडे बघत होते.

दारावर थाप पडली. "बाई, काय चाललंय आत?" मुख्याध्यापकांचा आवाज. "बाई, दार उघडा."

काळे कागद, भोंगा, पट्ट्या, कडी, सगळं बाईंचंच होतं. पोरगी मरायला टेकली होती आणि बाहेर माणसं जमली होती. दार उघडायचं, हे त्यांना कळत होतं. त्या उठल्या नाहीत. त्यांनी चष्मिसचा खांदा धरला आणि तिला गदागदा हलवलं.

"पण तू लाइट लावलासच कशाला गं?"

वर्गाचा जीव भांड्यात पडला. मुलं एकेक करून आपापल्या बाकावर जाऊन बसली.