आबांच्या गाडीचा खडखडाट

वरवंडच्या हौसराव आबांच्या मोटारीची टायमिंगची साखळी ढिली झाली होती. तिचा खडखडाट पार वेशीपासून घरात ऐकू यायचा. दौंडच्या इलाही मिस्त्रीनं इंजिनाचं पुढचं कव्हर उघडून नवी साखळी बसवली, कव्हरला आलेला पोचा ठोकून काढला, आणि आबा मांजराच्या पावलांनी घरी गेले.

पुढच्या बाजाराला आबांच्या पत्नी साळूबाई गॅरेजच्या दारात हजर.

"इलाही, ती जुनी साखळी परत बसव बाबा."

"का वं काकी? गाडी बिघडली व्हय?"

"गाडी झ्याक हाय. पन आधी खडखड ऐकू आली की सुना डोईवर पदर घेऊन आत पळायच्या. आता आमी सोप्यात खिदळत बसतो आन् मालक एकदम दारात. तवापासनं घरात कुनी मोकळं हसलं न्हाई."

इलाही विचारात पडला. जुनी साखळी बसवली तर इंजिनाची वाट लागणार.

दुसऱ्या दिवशी आबा ऑइल बदलायला आले, तेव्हा तो अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाला,



"आबा, साखळी नवी हाय. वेशीपासनं घरापत्तुर हॉर्न दाबत जावा, म्हंजी टिकंल."