बारा तारखेचा बंदोबस्त

फौजदार महिपतरावांनी फळा दोनदा वाचला. तिसऱ्यांदा वाचताना छडीचं टोक एकेका अक्षराखालून फिरवलं.

मांडवीच्या वाचनालयाबाहेरच्या या फळ्यावर सगुणा मास्तरीण रोज ‘आजच्या दिवशी’ लिहायची. त्या तारखेला पूर्वी कधी काय घडलं, ते. आज दोनच ओळी होत्या. १२ मे १६६६, शिवाजी महाराज आग्र्याच्या दरबारातून बादशहाकडे पाठ फिरवून निघाले. १२ मे १८२०, फ्लॉरेन्स नाइटिंगेल या परिचारिकेचा जन्म.

तिसरी ओळ नव्हती. फौजदारांना हायसं वाटलं.

तिसरी ओळ म्हणजे विठू, सगुणाचा भाऊ. तीन वर्षांपूर्वी, मिठाच्या चळवळीत, बारा मेलाच तो इथल्या किनाऱ्यावर मूठभर मीठ घेऊन उभा राहिला होता. मूठ उघड म्हटलं, तर म्हणे, “नाही उघडत जा!” लाठी डोक्यात बसली नि पोर जागच्या जागी गेलं. मूठ मिटलेलीच.

महिपतराव तेव्हा इथं नव्हते. साताऱ्याकडून बदली होऊन त्यांना जेमतेम सहा महिने झालेले. साहेबांनी मात्र स्पष्ट बजावलं होतं. बारा तारखेला मांडवीत पाचांहून जास्त माणसं जमली, किंवा त्या पोराच्या नावानं एक फूल जरी वाळूत पडलं, तर वाचनालयाला कुलूप. आणि फौजदारांचा पट्टा साहेबांच्या टेबलावर.

“कोपऱ्यात हे काय?” त्यांनी विचारलं.

“तिथी. वैशाख वद्य तृतीया. पंचांगातली,” सगुणा म्हणाली. “पुसू?”

“असू दे. आणि भावाचं नाही लिहिलंस?”

“लिहू द्याल?”

“नाही.”

“मग खडू कशाला झिजवायचा?”

पोरगी मोठी तिखट. फौजदार रस्ता ओलांडून समोरच्या खानावळीच्या ओट्यावर जाऊन बसले. खानावळ सगुणाच्या आईची, आनंदीबाईंची. कुटुंब साताऱ्याला असल्यामुळे फौजदारांचं दोन वेळचं जेवण तिथंच असे. ओट्यावरून किनारा दिसत होता, आणि किनाऱ्यावर त्यांचे वीस शिपाई.

“बसा, बसा,” आनंदीबाई आतूनच कडाडल्या. “मेलेल्या पोराला वीस शिपाई हो! जिवंत होता तेव्हा चौघे पुरले होते.”

फौजदार माणूस तसा वाईट नव्हता. नोकरीला बांधलेला होता, एवढंच. त्यांनी टोपी काढून घाम पुसला नि विषय बदलला.

“मंगळवारचं जेवण मात्र फर्मास झालं होतं हं. ते वडे, ती खीर, आमसुलाची चटणी! तीन वाट्या खीर झाली माझी.”

“खाणारा पोटभर जेवला की करणारीचे हात सार्थकी लागले.”

मंगळवारी बाईंकडे काही घरचं कार्य होतं. सगळी मांडवी त्यांच्या अंगणात लोटली होती. पहाटेच बायाबापड्या घागरी घेऊन समुद्रावर गेल्या, पाणी भरून आल्या, अंगणातल्या चुली दिवसभर धडधडत होत्या. बाई आधी रीतसर विचारून गेल्या होत्या. हुकूम बाराचा, मंगळवारी तर नऊ तारीख. फौजदारांनी उदार मनानं परवानगी दिली. वर दोन शिपाईही दिले. एकानं तर म्हाताऱ्या सोनूबाईची भरली घागर खांद्यावरून आणून दिली होती. रयतेशी असं वागावं लागतं, असं त्यांनी त्या शिपायाला कौतुकानं सांगितलंही होतं.

दिवस कलला. किनाऱ्यावर चिटपाखरू फिरकलं नाही. होड्या गुमान लागल्या, माणसं गुमान घरी गेली. फळ्यावर तिसरी ओळ आली नाही. सूर्य पाण्यात टेकला तसे महिपतराव उठले, पट्टा सारखा केला. आता साहेबांना तार करायची, सर्वत्र शांतता. बढतीसुद्धा मिळायची कदाचित.

जिंकलेल्या माणसाची जीभ जरा सैल सुटते.

“आनंदीबाई, राग मानू नका,” ते म्हणाले. “मला वाटलं होतं, दुसरं कुणी नाही तरी तुम्ही याल. एक फूल घेऊन, एकट्या. आई ना तुम्ही? शेवटी बसलाच म्हणायचा सरकारचा धाक.”

आनंदीबाई दारात आल्या. हात पदराला पुसत त्यांनी फौजदारांकडे असं पाहिलं, की ते एक पायरी खाली उतरले.

“धाक? विठूच्या आईला?” त्या म्हणाल्या. “बरं, मला एक सांगा. तुमचे वडील आहेत?”

“नाहीत. वारले.”

“श्राद्ध घालता?”

“म्हणजे काय? दरवर्षी.”

“कधी असतं?”

“माघ वद्य पंचमीला,” महिपतराव बोलून गेले, नि त्यांचा हात पट्ट्यावरच राहिला.

वाचनालयाच्या दारात सगुणा उभी होती. ती हसत नव्हती.

“माझा विठू गेला वैशाखी पौर्णिमेला,” आनंदीबाई म्हणाल्या. “परवाच्या मंगळवारी. सगळी मांडवी जेवून गेली, तुम्हीही जेवलात. वड्यांत मीठ बरोबर पडलं होतं ना हो? सोनूबाईच्या घागरीतलं पाणी आटवून केलेलं. तुमच्या शिपायानं खांद्यावरून आणलेलं.”