घरबसल्या
अठ्ठ्याहत्तर साली शाळेत बुद्धिमापन चाचणी झाली. मी सातवीत होते, दादा नववीत. मास्तरांनी पंचवटीतल्या घरी येऊन आकडे सांगितले: दादाचा बुद्ध्यंक ब्याण्णव, माझा एकशे अडतीस. अप्पा दचकले. “शंभरात एकशे अडतीस? मास्तर, बेरीज तपासा!” हे मार्क नव्हेत, एवढं पटल्यावर त्यांनी मिशीवरून हात फिरवला. “म्हणजे हिला शाळेची गरजच नाही! ही घरबसल्या शिकेल. शिकवणी लावायची ती या ठोंब्याला.” “अहो, पण...” मास्तर म्हणाले, तोवर आईने चहा पुढे केला. सोमवारी दादा दप्तर घेऊन निघाला, मी भाकऱ्या थापायला बसले. मोडक्या कडीचं दार वाऱ्याने सारखं उघडायचं आणि शाळेत जाणाऱ्या मैत्रिणी दिसायच्या. शेवटी मी वेणीतली शाळेची रिबीन सोडून दाराला करकचून बांधली. अप्पा कौतुकाने म्हणाले, “बघा, घरबसल्या डोकं कसं चालतं पोरीचं!”