अर्धी मात्रा उशिरा

कीर्तनात झांजेची साथ करणारी पत्नी गेल्यापासून त्र्यंबकबुवांचा कीर्तनाला गळाच मोकळा होईना. रामनवमी चार दिवसांवर आलेली. म्हणून त्यांच्या लेकीनं, मृदुलेनं, घरच्या स्टुडिओत साथ करणारी दोन सॉफ्टवेअरं लावून दाखवली. पहिल्याची झांज अगदी अचूक वाजे, पण बुवांचा सूर काही लागेना. दुसरं आईच्या जुन्या कॅसेटा ऐकून तिच्यासारखं वाजवायला शिकलं होतं.

"नाना, हे नको. झांज अर्धी मात्रा उशिरा पडतेय. चूक दुरुस्तच होत नाही," मृदुला वडिलांना म्हणाली.

"चूक कसली, वेडे! तुझी आई आधी माझ्या तोंडाकडे बघायची, मग वाजवायची."

बुवा नमनाला उभे राहिले. माइक समोर असूनही त्यांनी तोंड जरा उजवीकडे, तिच्या नेहमीच्या जागेकडे वळवलं, तिला दिसावं म्हणून. आणि गळा मोकळा झाला.